ताईच्या हाताची उंची

सोमवार, ३ मार्च

आज बेसिन पडलं.

मी स्वयंपाकघरात दूध तापवत उभी होते. मागच्या खोलीतून असा धडाम आवाज आला की मला वाटलं छप्परच खाली आलं. धावत जाऊन बघते तर नवं कोरं बेसिन दोन तुकडे होऊन फरशीवर, नळ वाकडा, आणि भिंतीला माझं डोकं सहज जाईल एवढं भगदाड. भगदाडातून पलीकडचा ताईचा पलंग दिसत होता. कालच त्यावर नवी चादर घातली होती, तिच्यावर सगळा पांढरा भुगा. इकडे दूध उतू गेलं ते वेगळंच.

ही भिंत म्हणजे खरी भिंत नव्हेच. माझी शिवणाची खोली मधोमध तोडून एका बाजूला ताईची झोपायची जागा केली आणि एका बाजूला न्हाणीघर. मध्ये लाकडाची चौकट उभी करून तिला दोन्हीकडून बोर्ड ठोकलेत. ताईचं खुब्याचं हाड मोडलंय, जिना तिच्याच्याने होणार नाही, आणि जुनं न्हाणीघर वरच्या मजल्यावर. ऑपरेशननंतर तिला चालायच्या व्यायामासाठी म्हाताऱ्या माणसांच्या सेंटरमध्ये ठेवलंय, तिथून महिनाअखेरीला सोडतील आणि ती कायमची माझ्याकडे राहायला येईल. माझी मशीन मी पुढच्या खोलीत खिडकीशी ढकलली. हे गेल्यापासून तिथे तरी कोण बसतंय?

नळवाल्याला फोन केला. याच माणसाने शनिवारी बेसिनवर थाप मारून म्हटलं होतं, "भिंत पडेल, पण हे पडणार नाही!" आता म्हणतो, "बाई, भिंत पोकळ आहे, त्याला मी काय करणार?" मी म्हटलं, पोकळ आहे हे एवढं धूड टांगायच्या आधी नाही का कळलं? बोर्डाला भोकं पाडून त्यात प्लास्टिकचे प्लग ठोकलेत नुसते! तर फोनच ठेवून दिला मेल्याने.

ताई त्या बेसिनला धरून उभी असती तर?

मंगळवार, ४ मार्च

ताईला फोन केला. बेसिनचं सांगितलं नाही, उगाच घाबरायची. तिच्या मागे इतका गलका चालला होता की मला ओरडून बोलावं लागलं. तिथल्या तिघी-चौघी सारख्या तिच्या खोलीत पत्ते कुटत बसलेल्या असतात. आजारी माणसाला जरा पडू द्यावं, तर ते नाही.

ताई म्हणाली, "हे बघ धाकटे, मी काय म्हणत होते, मला इथे आता बरंच..." मी म्हटलं, बरं वाटतंय ना, मग झालं तर! आणि टाइल्स पांढऱ्या घेऊ की फिकट हिरव्या ते विचारलं. ती म्हणाली, "हिरव्या घे."

बिचारी. परक्या माणसांत दिवस काढायचे म्हणजे खायची गोष्ट नाही. मला एकटीने राहायची सवय आहे. तिला कुठली?

गुरुवार, ६ मार्च

नवा माणूस आला. सुतार आहे. काहीही विचारा, आधी "बघूया" म्हणतो. होईल का हो? बघूया. कधी होईल? बघूया. चहा घेणार? त्यालाही बघूया. मी मनात त्याचं नावच बघूया ठेवलंय.

पण माणूस नीट वाटला. आल्या आल्या ड्रिल काढलं नाही. भिंतीवर बोटांनी टकटक करत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. पोकळ, पोकळ, पोकळ, मग एकदम भरीव. तिथे पेन्सिलीची खूण. म्हणाला, "नाकापेक्षा मोती जड झालाय. बोर्ड म्हणजे नुसती कातडी. वजन हाडांनी घ्यायचं, आणि हाडं आहेत ती लांब लांब, उभी. आपल्याला मधे आडवं लाकूड घालावं लागेल. चांगलं जाड, दोन्ही उभ्यांना स्क्रूने आवळून. मग वरून बोर्ड, मग टाइल, आणि धरून उठायच्या दांड्याचा स्क्रू थेट लाकडात."

"म्हणजे सगळं उघडायचं?"

"उघडायचं."

अगं बाई! पण चुकलेला टाका न उसवता शिवण सरळ होत नाही हे मला कोणी शिकवायला नको. उघडा म्हटलं.

जाताना म्हणाला, "एक मात्र लक्षात ठेवा. लाकूड जिथे, तिथेच दांडा. मागाहून चार बोटं खाली घ्या म्हणालात तर जमायचं नाही, तिथे पुन्हा पोकळ. ताईंचा हात कुठे येतो ते आधी सांगा. त्यांना एकदा उभं करून मोजता आलं तर उत्तम."

मी हसलेच. ताईचं माप मला विचारतो!

शुक्रवार, ७ मार्च

मापं दिली. ताईचे कपडे आज चाळीस वर्षं मी शिवते आणि कधी टेप लावलेली नाही. आमचं माप एक. खांद्याला खांदा, बाहीला बाही. तिचा कपडा शिवायचा तर मी आरशासमोर स्वतःच्या अंगाला लावून बघते, की झालं. लहानपणी मागून हाक मारणारे लोक आमच्यात गोंधळायचे.

तेव्हा मीच उभी राहिले. कमोडच्या जागी स्टूल ठेवलं, त्यावरून उठताना हात कुठे जातो तिथे बघूयाने रेघ मारली. अंघोळीला बसायच्या, भिंतीवर घडी होणाऱ्या बैठकीची एक, उभ्या दांड्याची एक, बेसिनची एक. "नक्की ना?" त्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, अहो, नक्की म्हणजे काय, डोळे मिटून सांगते.

"शेवटी कधी पाहिलंत त्यांना?"

कसल्या चौकशा! हॉस्पिटलात पाहिलं की ऑपरेशननंतर. पलंगावर होती, हसत होती. नंतर सेंटर लांब पडतं, बस बदलावी लागते, आणि माझ्या मागे शिवणाचं काम असतं. फोन रोज आहेच.

मंगळवार, ११ मार्च

आडवी लाकडं बसली. उघड्या भिंतीत बघायला मजा वाटते, आतून कपडा उलटा करून बघावा तसं. बघूयाने पाणसळ ठेवून प्रत्येक लाकूड सरळ केलं, मग स्वतः एकेकावर पाय देऊन उभा राहिला. माणूस जाडा आहे, पण लाकूड हललं नाही.

ताईने फोनवर सांगितलं की मी पाठवलेला गाऊन फार छान झालाय, फक्त खालची शिवण तिथल्या एकीने वर घेऊन दिली. पायात येत होता म्हणे. मला रागच आला. माझी शिवण उसवायची हिंमत होते कशी? चप्पल बदलली असशील, म्हटलं. ती म्हणाली, "असेल बाई, तसंच असेल."

शनिवार, १५ मार्च

भिंत बंद झाली. पाणी सोसणारा बोर्ड आणलाय. सांधे भरले. आता दोन दिवस वाळू द्यायचं.

म्हणजे दोन दिवस कोणी येणार नाही. संध्याकाळी मी सवयीने दोन कप चहा टाकला. ओतून दिला नाही, दोन्ही मीच प्यायले.

रविवार, १६ मार्च

बघूयाला बोलावून घेतलं. कोपऱ्यातल्या सांध्यात मला चीर दिसली होती. तो आला, बोट फिरवलं, म्हणाला, "केस आहे हा. तुमचाच असेल." पांढरा केस. मी म्हटलं, चष्मा बदलायला झालाय. आलाच आहात तर चहा घ्या. त्याने या वेळी बघूया म्हटलं नाही, निमूट बसला. त्याच्या आईचं सांगत होता. ती आठवड्यातून तीनदा त्याला दार करकरतंय म्हणून बोलावते. मी म्हटलं, मग तेल का नाही घालत एकदाचं? तो हसला नुसता.

बुधवार, १९ मार्च

टाइल्स लागल्या. हिरवा रंग डोळ्यांना गार वाटतो. ताईला फोनवर सगळं वर्णन करून सांगितलं. ती म्हणाली, "किती करतेस गं माझ्यासाठी." मग म्हणाली, "धाकटे, नीट ऐक जरा. तुझ्या भाच्याने तुला काही सांगितलंय का?" भाचा म्हणजे तिचा मुलगा. मी म्हटलं, त्याला कुठे वेळ असतो मावशीला फोन करायला! नोकरी, बायको, दोन कार्टी. तेवढ्यात दारावर टाइल्सवाला आला उरलेल्या घेऊन जायला, आणि ते तसंच राहिलं.

शनिवार, २२ मार्च

झालं! सगळं बसलं. या वेळचं बेसिन आधीच्यापेक्षाही जड आहे, दोघांनी मिळून उचललं. टांगून झाल्यावर बघूया म्हणाला, "टेका." मी दोन्ही हात टेकले, मग कोपरं टेकली, मग पाय वर उचलले. या वयात! बेसिन ढिम्म. दांड्याला लोंबकळले, दांडा ढिम्म. घडीची बैठक उघडून धपकन बसले, तरी ढिम्म. बघूया पहिल्यांदाच मोठ्याने हसला. "हत्ती आणा आता," म्हणाला.

त्याने सामान आवरलं, करवत कापडात गुंडाळली, आणि गेला. आता त्याला बोलवायला काही उरलं नाही. बराच वेळ मी त्या बैठकीवर बसून राहिले. नळ सोडला, बंद केला. पुन्हा सोडला. घरात तेवढाच आवाज.

मंगळवार, २५ मार्च

ताई येतेय! भाचा शनिवारी गाडीने आणून सोडणार. "दोन दिवस बघायला येते," म्हणाली. म्हणजे पाहून पसंत पडलं की सामान मागून मागवायचं असेल. तिचं आधीपासून असंच, कापड घेतानाही आधी हातात धरून बघणार. उशा उन्हात घातल्या. पडदे धुतले.

शनिवार, २९ मार्च

ताई आली.

गाडीचं दार उघडलं आणि मी ताईला शोधायला लागले. आत एक छोटीशी बाई बसली होती. ती ताई.

भाच्याने चाकांचा वॉकर काढून दिला. त्यावर वाकून ती हळूहळू आत आली. तिचं डोकं माझ्या खांद्याला लागतं. माझ्या खांद्याला! मी तिला मिठी मारली तेव्हा माझी हनुवटी तिच्या केसांवर टेकली. मी म्हटलं, चहा टाकते.

मग न्हाणीघर दाखवलं. ताई कौतुकाने बघत होती, टाइल्सवरून हात फिरवत होती. भाचा म्हणाला, "मावशी, हॉटेलसारखं केलंस." ताईने दांडा धरायला हात वर केला. कोपर पार कानाशी गेलं. बैठकीवर बसवलं तर तिचे पाय जमिनीवर टेकेनात, लहान मुलीसारखे लोंबायला लागले. बेसिनची कड तिच्या छातीशी. आरशात तिचं नुसतं कपाळ आणि भांग.

ताईच म्हणाली, "हिरवा रंग छान दिसतोय हो."

बघूयाला फोन केला. म्हटलं, सगळं वीतभर खाली घ्यायचंय. तो म्हणाला, "तिथे लाकूड नाही हो. पुन्हा सगळं उघडावं लागेल." मी म्हटलं, मग उघडा. सोमवारी उघडा.

रविवार, ३० मार्च

सकाळी तिला वरच्या वर धरून मीच अंघोळ घातली. तिची पाठ वाकलीय, मणके हाताला लागतात. आई आजारी होती तेव्हा आईची पाठ अशीच होती. मी म्हटलं, उद्या सुतार येतोय, उभी राहा जरा, टेप लावते. आयुष्यात पहिल्यांदा तिला टेप लावली.

ताई म्हणाली, "राहू दे. भिंत फोडू नकोस. मी इथे राहायला येणार नाहीये."

मला वाटलं थट्टा करतेय.

"तिथे मला कायमची खोली मिळालीय. जानेवारीतच ठरलं."

"जानेवारीत? आणि मला आज सांगतेस? मी इथे भिंती फोडून बसलेय, एकदा सोडून दोनदा!"

"सांगायला तू तोंड उघडू दिलंस का? मी म्हणावं मला तिथे बरं वाटतंय, की तुझं टाइल्स! मी म्हणावं ऐक जरा, की तुझा टाइल्सवाला! माझं चुकलंच, मी ओरडून सांगायला हवं होतं. पण तू इतकी खूश असायचीस गं फोनवर. कित्येक दिवसांत तुला तसं ऐकलं नव्हतं."

मी वाट्टेल ते बोलले. म्हटलं, सख्खी बहीण टाकून त्या पत्तेवाल्या भवान्या जवळच्या झाल्या. म्हटलं, मी तुझ्यासाठी मशीन हलवली. म्हटलं, तू तिथे एकटी पडशील, रात्री-अपरात्री काही झालं तर कोण आहे?

"चौघी आहेत," ताई म्हणाली. "एक घोरते, एक चोरून पत्ते बघते, पण चौघी आहेत. मी एकटी नाहीये, धाकटे. एकटी तू आहेस."

"मी? मला काय धाड भरलीय? मला सवय आहे."

"हो का? मग सांग, हा दांडा कोणाच्या हाताला बरोबर येतो? आणि ती बैठक? ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार आहेस? मला इथे येऊन राहा म्हणालीस, मी म्हातारी, मी मोडलेली, मला जिना चढवत नाही, सगळं माझं. तुला करमत नाही हे एकदा तरी म्हणालीस? तोंड झिजतं का?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासली. घासलेलीच होती, परत घासली.

सोमवार, ३१ मार्च

भाचा येऊन तिला घेऊन गेला. जाताना तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, त्यासाठी मला वाकावं लागलं. मी तिची पिशवी गाडीत ठेवली आणि आत निघून आले. बघूयाला येऊ नका म्हणून कळवलं.

दुपारी तिच्या पलंगावरची चादर काढली. मग नव्या न्हाणीघरात अंघोळ केली. उठताना दांडा बरोबर हाताखाली. बैठकीवर पाय जमिनीला टेकलेले. बेसिन कमरेशी हवं तिथे, आरशात तोंड पूर्ण. फार मस्त झालंय. कोणाला सांगू?

बुधवार, २ एप्रिल

काल दिवसभर फोन केला नाही. तिचाही आला नाही. तिच्या आवाजाशिवाय पूर्ण दिवस गेला, आणि दिवसभरात मी तोंडाने बोलले ते एकच वाक्य, दूधवाल्याला, "उद्या अर्धाच दे." ते म्हणताना माझा आवाज बसलेला होता, कारण सकाळपासून वापरलाच नव्हता.

लिहायची लाज वाटते, पण वहीत खोटं कशाला लिहू. हे गेल्यापासून मला या घरात राहवत नाही. संध्याकाळ झाली की भीती वाटते. चोराचिलटाची नाही, पुढच्या संध्याकाळची. मी ताईची काळजी करत होते हे खरं आहे, पण तिला पुढे करून मी माझीच सोय बघत होते हेही खरं आहे. तिला हे माहीत होतं आणि तरी तिने हिरव्या टाइल्स सांगितल्या.

आत्ता फोन लावला. काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं. बेसिनचं बोलणार होते, बघूयाने ठोकलेल्या लाकडांचं, मागची खोली भाड्याने द्यावी का त्याचं. तिने उचलला. मागे तोच गलका, कोणीतरी राणी टाकली म्हणून कोणीतरी किंचाळत होतं.

"बोल गं," ताई म्हणाली.

मी म्हटलं, "ताई, मला इथे एकटीला करमत नाही."

तिकडे ताईने कोणाला तरी "शू!" केलं. गलका थांबला.

"काय म्हणालीस?"

"करमत नाही गं. अजिबात करमत नाही. तुझ्याकडे चार दिवस येऊ का?" एवढं बोलले आणि मला रडूच फुटलं, फोन धरून ढसाढसा, शेजारी ऐकू जाईल इतकं.

ताईने मला रडू दिलं. मधे एकदाही गप्प बस म्हणाली नाही. मग तिनेही नाक ओढलं आणि म्हणाली, "ये. उद्याच ये. आणि येताना तुझी उशी घेऊन ये, इथल्या उशा म्हणजे नुसते दगड आहेत."